बाळंतपणातली दरी मोजताना: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचे टप्पे

दरवर्षी सिनॉप्सिसच्या (प्रबंधाच्या आराखड्याच्या) दिवसांत माझ्या टेबलावर एकाच छापाचे विषय येतात. ‘गरोदर मातांमधील आहारविषयक ज्ञानाचे मूल्यमापन’, ‘प्रसूतिपूर्व तपासणीविषयी मातांची जागरूकता’. विद्यार्थिनी सांगते, मॅडम, मला मातृ आरोग्यातल्या विषमतेवर काम करायचंय. विषय चांगला असतो, तळमळही खरी असते. पण साठ बायकांना तीस प्रश्न विचारून ‘ज्ञान अपुरे आढळले’ असा निष्कर्ष निघतो. दोष जातो बाईच्या माथी आणि विषमता मोजायची राहून जाते.

माझ्या स्वतःच्या एमएस्सीच्या प्रबंधात हेच झालं होतं. प्रसूतिपश्चात वॉर्डातल्या बायकांकडून फॉर्म भरून घेतले, तक्ते केले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी एकच विचारलं, “या सगळ्या दवाखान्यापर्यंत पोचलेल्या आहेत. न पोचलेल्या कुठे आहेत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचं सगळं त्या प्रश्नाला धरून लिहिते आहे. उदाहरणं महाराष्ट्राच्या ग्रामीण आणि आदिवासी भागातली आहेत, पण क्रम शहरी वस्तीतही हाच राहतो.

टप्पा १: प्रश्न नीट बांधा

विषमता म्हणजे दोन गटांतला फरक. गट एकच असेल तर तुम्ही परिस्थितीचं वर्णन कराल, विषमता दिसणार नाही. म्हणून प्रश्नात चार गोष्टी हव्यात: काय मोजायचं, कोणत्या गटांत, कुठे आणि कोणत्या काळात. ‘आदिवासी मातांच्या आरोग्य समस्या’ हा प्रश्न झाला नाही. ‘बारमाही रस्त्यावरच्या गावांत आणि पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या पाड्यांवर गेल्या सहा महिन्यांत बाळंत झालेल्यांपैकी गरोदरपणाच्या पहिल्या १२ आठवड्यांत नोंदणी झालेल्यांचं प्रमाण किती वेगळं आहे?’ हा प्रश्न झाला. याला उत्तर मिळू शकतं.

मातामृत्यू हा मोजमापाचा विषय घेऊ नका. सगळ्यांना तोच घ्यावासा वाटतो, कारण तो सगळ्यात मोठा अन्याय आहे. पण हिशोब करून पाहा. नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८–२० च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. तुमच्या तालुक्यात वर्षाला ३,००० जन्म होत असतील, तर राज्याच्या सरासरीने मृत्यू साधारण एक. एका मृत्यूवरून दोन गटांची तुलना होत नाही. यंदा शून्य आणि पुढल्या वर्षी तीन असं झालं, तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो.

‘प्रसूती कुठे झाली’ हा दुसरा आवडता मापदंड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या सुमारे ९५ टक्के प्रसूती दवाखान्यात झालेल्या दिसतात. म्हणजे बऱ्याच तालुक्यांत दोन्ही गटांत आकडा नव्वदच्या पुढेच येईल आणि फरक दिसणार नाही. फरक त्याच्या आत असतो. पहिल्याच दवाखान्यात मोकळी झाली की तीन ठिकाणांहून पुढे पाठवली? कळा सुरू झाल्यापासून डॉक्टरने पाहीपर्यंत किती वेळ गेला? खिशातून किती गेले? लोहाच्या गोळ्या मिळाल्या किती, आणि खाल्ल्या किती? घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात कोणी पाहायला आलं का? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे खात्यात जमा झाले का? या गोष्टी पुरेशा वारंवार घडतात, त्यामुळे मोजता येतात आणि दरीही दाखवतात.

एक चौकट हाताशी ठेवा. थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये उशिराचे तीन प्रकार मांडले: मदत घ्यायचं ठरवण्यातला उशीर, पोचण्यातला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. ज्ञानावरचे सगळे प्रबंध पहिल्याच उशिरापाशी थांबतात. तुमच्या प्रश्नावलीत तिन्हींना जागा हवी.

*तपासून पाहा:* प्रश्न आईला किंवा शेजारणीला एका वाक्यात सांगा. ‘कोणाची कोणाशी तुलना?’ असं तिने परत विचारलं, तर प्रश्न अजून कच्चा आहे.

टप्पा २: आधीचे आकडे वाचा, पण त्यांची खोट ओळखून

मैदानात जाण्याआधी दोन आठवडे फक्त उपलब्ध आकड्यांना द्या. तीन ठिकाणं पुरतात, आणि तिन्ही ठिकाणी विद्यार्थी हमखास फसतात.

कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हा तथ्यपत्रकं सगळे वापरतात. त्यात काही आकडे कंसात असतात आणि काही जागी नुसतं फुलीचं चिन्ह असतं. कंसातला आकडा २५ ते ४९ जणींवर आधारलेला असतो. २५ पेक्षा कमी असतील तर आकडा छापतच नाहीत. जिल्ह्यातल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा आकडा बऱ्याचदा असा कंसातला असतो. तो कंस काढून आकडा प्रबंधात टाकला, की दोन जिल्ह्यांतला फरक खरा असल्यासारखा दिसतो. राज्याचा आकडा, गरोदर बायकांपैकी सुमारे ४६ टक्के रक्तक्षयी, भक्कम आहे. तुमच्या जिल्ह्याचा तितका असेलच असं नाही.

एचएमआयएसचे (सरकारी आरोग्य माहिती व्यवस्थेचे) आकडे संस्थेकडून, म्हणजे दवाखान्यांकडून येतात. घटना जिथे घडली तिथे मोजली जाते, बाई जिथली आहे तिथे नाही. मेळघाटातून अमरावतीला पाठवलेली बाई अमरावतीच्या रुग्णालयाच्या खात्यात जाते. त्यामुळे मोठं रुग्णालय असलेला तालुका गुंतागुंतींनी भरलेला दिसतो आणि धारणी-चिखलदऱ्यासारखा तालुका सुखरूप दिसतो. वाचताना हे उलटं लक्षात ठेवा.

तिसरं म्हणजे लेबर रूम रजिस्टर. त्यात वेळ, वजन, प्रसूतीचा प्रकार, संदर्भसेवेचा (पुढच्या दवाखान्यात पाठवल्याचा) रकाना असं खूप काही असतं. परवानगी मिळाली की मागच्या सहा महिन्यांची पानं नुसती चाळा, लगेच उतरवायला घेऊ नका. कोणता रकाना सतत रिकामा आहे? गावाचं नाव लिहिताना पाडा लिहितात की ग्रामपंचायत? ‘संदर्भित’ लिहिलंय, पण कुठे आणि किती वाजता ते आहे का? रिकामा रकाना वापरून प्रबंध उभा राहत नाही, हे आत्ताच कळलेलं बरं.

आणि आपल्याकडची एक खास गोष्ट: पहिलं बाळंतपण माहेरी. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी, प्रसूती तिकडच्या ग्रामीण रुग्णालयात, आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर परत सासरी. सासरच्या यादीत ती ‘तपासण्या अपूर्ण’ दिसते, माहेरच्या यादीत ‘उशिरा नोंदणी’ दिसते. प्रत्यक्षात तिच्या सगळ्या तपासण्या वेळेवर झालेल्या असतात. आरसीएच आयडी (सरकारी नोंदीत प्रत्येक गरोदर बाईला मिळणारा क्रमांक) जुळवल्याशिवाय आणि बाईला विचारल्याशिवाय अशी नोंद धरू नका. पहिलटकरणी आणि पुढच्या खेपेच्या बायका यांचं विश्लेषण वेगळं करायचं, हे इथेच ठरवा.

टप्पा ३: नमुना निवडा, म्हणजे कोण सुटतंय ते शोधा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबते.

आधी संख्या. ‘n = ३८४’ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तो येतो ५० टक्के प्रमाण आणि ५ टक्के चूक धरून, एकाच गटाचं प्रमाण काढण्यासाठी. तुम्हाला दोन गटांची तुलना करायची आहे, गणित वेगळं आहे. एका गटात ६० टक्के आणि दुसऱ्यात ४० टक्के असा मोठा फरक पकडायचा असेल, तर नेहमीच्या ८० टक्के शक्तीने (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळीवर (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे ९७ बायका लागतात. फरक ५५ आणि ४५ इतकाच असेल, तर प्रत्येक गटात ३९० च्या आसपास. साठ जणींच्या प्रबंधात ‘फरक आढळला नाही’ असं निघतं, त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘दिसण्याइतक्या बायका नव्हत्या’ इतकाच असतो. एकटीला २०० घरं झेपत नसतील तर मापदंड बदला किंवा बीएस्सीच्या गटात गावं वाटून घ्या. संख्या ओढूनताणून कमी करू नका.

आता यादी. सोपा मार्ग म्हणून विद्यार्थिनी लसीकरणाच्या सत्रात बसतात आणि बाळ घेऊन आलेल्या आयांना विचारतात. यात जिचं बाळ मेलेलं जन्मलं, जिचं पहिल्या आठवड्यात गेलं, ती कधीच येत नाही. जी स्वतः गेली ती तर नाहीच. म्हणजे जिच्यासाठी हा अभ्यास करायचा तीच यादीतून वगळली जाते. दवाखान्यातून निवडलं तर घरी बाळंत झालेली सुटते. आशाताईंच्या डायरीवरून निवडलं तर कामासाठी बाहेर गेलेली आणि बाहेरून आलेली, दोन्ही सुटतात.

म्हणून तीन याद्या मागा: उपकेंद्रातलं एएनएमचं (तिथल्या परिचारिकेचं) आरसीएच रजिस्टर, आशाची डायरी, अंगणवाडीची गरोदर-स्तनदा मातांची यादी. तिन्ही शेजारी ठेवून नावं जुळवा. जे नाव एकाच यादीत आहे ते आधी शोधा. मग गावात दोन-तीन जाणत्या बायकांना विचारा, सुईण असेल तर तिलाही: “होळीपासून आत्तापर्यंत वस्तीवर कोण कोण बाळंत झालं? कोणाचं बाळ गेलं?” प्रत्येक गावात या चौथ्या यादीतून एक-दोन नावं तरी नवी निघतात. बाळ गेलेल्या बाईकडे जायचं की नाही, कधी जायचं, हे मात्र आधी आशाताईंशी बोलून ठरवा.

*सावध:* मराठवाड्यात काम असेल तर वेळ पाहा. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात. जानेवारीत बीडच्या गावात पाहणी केली तर मागे राहिलेल्यांचीच पाहणी होईल. वीटभट्टी आणि मासेमारीच्या भागातही असंच आहे.

‘आदिवासी’ हा एक गट धरू नका. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे सरकारने ठरवलेल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. कातकरी आणि महादेव कोळी एका रकान्यात टाकले, तर मधली दरी सरासरीत विरून जाते.

टप्पा ४: परवानग्या, आणि त्यांचा क्रम

क्रम चुकला की महिने जातात. कॉलेजची संशोधन समिती, मग एथिक्स कमिटी, मग जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, शेवटी सरपंच आणि आशाताई. जिल्हा रुग्णालयात किंवा ग्रामीण रुग्णालयात काम असेल तर वाट जिल्हा शल्यचिकित्सकांकडून जाते, महापालिकेच्या दवाखान्यात वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडून. दोन्ही प्रकारच्या संस्था असतील तर दोन्ही पत्रं लागतात. अर्जासोबत प्रश्नावली मराठीत जोडा. इंग्रजी प्रश्नावली वाचून कोणी सही करत नाही, फाइल टेबलावर पडून राहते.

एथिक्सच्या मंजुरीआधी गोळा केलेला एकही फॉर्म वापरता येत नाही. ‘नंतर तारीख टाकू’ हा विचार मनातही आणू नका.

संमती घेताना वाचता न येणाऱ्या बाईसाठी तटस्थ साक्षीदार आणि अंगठा लागतो. हा साक्षीदार घरातला कर्ता पुरुष नको. तिला सांगा की नाही म्हटलं तरी दवाखान्यातल्या उपचारांत काही फरक पडणार नाही. हे वाक्य फॉर्मवर असतंच, पण तोंडाने सांगितलं नाही तर ते पोचत नाही.

*सावध, आणि हे गंभीर आहे:* आदिवासी आणि स्थलांतरित वस्तीवर १८ वर्षांखालची गरोदर मुलगी भेटण्याची शक्यता आहे. पोक्सो कायद्याच्या (बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण, २०१२) कलम १९ प्रमाणे अशी माहिती कळवणं बंधनकारक आहे. ‘तुमची माहिती कोणालाही कळणार नाही’ असं वचन संमतिपत्रात सरसकट देऊन मग कळवावं लागलं, तर त्या मुलीचा विश्वासघात होतो. या प्रसंगी काय करायचं, ते एथिक्स कमिटीकडून आधी लेखी ठरवून घ्या आणि संमतीच्या मजकुरात तसं लिहा.

आणि तुम्ही परिचारिका आहात. पाहणीत एखादीचा रक्तदाब १६०/११० निघाला, किंवा डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते असं ती म्हणाली, तर फॉर्म बाजूला ठेवायचा. १०८ ला फोन, एएनएमला फोन, गाडी येईपर्यंत तिच्याजवळ बसणं. कोणाला फोन करायचा ते नंबर प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर छापून घ्या.

टप्पा ५: प्रश्नावली बाईच्या भाषेत

पुस्तकी मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुन्हा मराठीत भाषांतर करून जुळणी पाहतात, ती करा. पण तेवढ्याने भागत नाही. एक उदाहरण देते. ‘गरोदरपणात रक्तस्राव झाला का?’ हा प्रश्न विद्यार्थिनीने सोपा करून ‘अंगावरून जात होतं का?’ असा विचारला. होकार भराभर आले. आम्ही थक्क झालो. मग एका वहिनींनीच विचारलं, “कोणतं? पांढरं की लाल?” आधीच्या सगळ्या होकारांचा अर्थ आता लावता येत नव्हता, तेवढे फॉर्म बाजूला काढावे लागले. तेव्हापासून प्रश्न असा: “पोटुशी असताना अंगावरून लाल गेलं का? कापड बदलावं लागलं का?” ‘वार पडायला वेळ लागला का’, ‘झटके आले का’, ‘रक्त कमी आहे असं कोणी सांगितलं का’ हे शब्द बाईचे आहेत. कोरकू, पावरी, माडिया बोलणाऱ्या भागात तिथल्याच बाईकडून एकेक शब्द तपासून घ्या. मराठी येणारा नवरा दुभाषा म्हणून घेऊ नका.

‘तुम्ही नियमित तपासणीला का गेला नाहीत?’ हा आरोप आहे, प्रश्न नाही. त्याऐवजी विचारा, “दिवस गेलेत हे कळल्यापासून पहिल्यांदा दवाखान्यात गेलात, तोवर काय काय झालं?” आणि ऐका. गाडीभाडं, मजुरी बुडणं, मागच्या खेपेला सिस्टर ओरडल्या होत्या, सगळं या एका प्रश्नातून येतं.

मिळाल्या आणि खाल्ल्या हे दोन वेगळे प्रश्न ठेवा. शासनाच्या कार्यक्रमात १८० दिवस रोज एक लोहाची गोळी आहे. रजिस्टरमध्ये १८० वाटलेल्या असतात, घरात पत्र्याच्या डब्यात शंभर निघतात.

आर्थिक स्थितीसाठी कुप्पुस्वामी मापन गावात वापरू नका, ते शहरी कुटुंबांसाठी आहे. बी. जी. प्रसाद वापरलं तर त्या वर्षीच्या किंमत निर्देशांकाने दुरुस्त करा. ज्या घरात उचल घेऊन मजुरी चालते तिथे ‘मासिक उत्पन्न’ विचारून खोटाच आकडा मिळतो. रेशनकार्डाचा रंग, घराची भिंत, जमीन, पाणी किती लांब, मोबाइल कोणाच्या हातात असतो, एवढं विचारलंत तर जास्त कळेल.

टप्पा ६: पायलट, म्हणजे छोटी चाचणी पाहणी

नमुन्याच्या दहा टक्के बायका, मुख्य अभ्यासात नसलेल्या गावातून. पायलटचे फॉर्म मुख्य विश्लेषणात मिसळायचे नाहीत. घड्याळ लावा. ४० मिनिटांच्या वर गेलं तर प्रश्न कापा, कारण चुलीवर भात आहे आणि बाळ रडतंय.

टप्पा ७: प्रत्यक्ष घरभेट

युनिफॉर्ममध्ये जाऊ नका. पांढरा कोट दिसला की तुम्ही ‘सरकारी बाई’ होता आणि सगळी उत्तरं बरोबर येऊ लागतात. ओळखपत्र गळ्यात असू द्या, साधी साडी किंवा पंजाबी ड्रेस घाला. गावात आशाताईंबरोबर शिरा, त्यांच्याशिवाय दार उघडत नाही. पण मुलाखतीच्या वेळी त्यांना शेजारच्या घरी पाठवा. ‘आशा घरी आल्या होत्या का?’ हे आशासमोर विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे. सासूबाई बसूनच राहिल्या तर त्यांच्याशी आधी दहा मिनिटं बोला, त्यांच्या बाळंतपणाबद्दल विचारा. मग जोडीदारीण त्यांच्याशी बोलत राहील आणि तुम्ही सुनेशी बोला. म्हणूनच जोडीने जायचं.

एमसीपी कार्ड (माता-बाल संरक्षण कार्ड) मागा. रेशनकार्ड आणि आधारबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पेटीच्या तळाशी ते असतं. हातात आलं की आकडे उतरवण्याआधी नुसतं पाहा. एका घरात असं कार्ड पाहिलं होतं: चारही तपासण्यांना हिमोग्लोबिन १०, चारही वेळा रक्तदाब ११०/७०, एकाच शाईत, एकाच हाताने. पुढच्या घरी तेच आकडे, तिसऱ्या घरीही तेच. हे मोजलेलं नाही, भरलेलं आहे. असं दिसलं तर आकडा उतरवा, पण शेजारी ‘शंकास्पद’ अशी खूण करा आणि शेवटी अशा कार्डांची संख्या मोजा. हीदेखील सेवेतली विषमताच आहे. रस्त्यालगतच्या गावांत अशी कार्डं कमी आणि आतल्या पाड्यांवर जास्त निघाली, तर तो तुमच्या प्रबंधाचा महत्त्वाचा निष्कर्ष ठरेल.

हिमोग्लोबिन कशाने मोजलं तेही लिहा. एका केंद्रात साहलीची नळी (रंग डोळ्यांनी जुळवायची) आणि दुसऱ्यात डिजिटल यंत्र असेल, तर बायकांमध्ये नसलेला फरक यंत्रामुळे दिसतो.

वेळ विचारताना घड्याळावर अडू नका. मी एका वहिनींना ‘कळा किती वाजता सुरू झाल्या’ विचारलं, त्या गप्प. मग म्हटलं, तेव्हा काय चाललं होतं? “कोंबडा आरवला होता. गाडी आली तेव्हा शाळेची पोरं निघाली होती. तालुक्याला पोचलो तर डब्याची सुट्टी झालेली.” शाळा कधी भरते, सुट्टी कधी होते, हे गुरुजींकडून विचारून घेतलं आणि तिन्ही उशीर कागदावर उतरले. प्रत्येक गावाच्या अशा खुणा आधी लिहून ठेवा: पहिली एसटी, दूधगाडी, शाळेची घंटा.

*तपासून पाहा, रोज संध्याकाळी:* फॉर्म गाव सोडण्याआधी वाचा. रिकामी जागा म्हणजे ‘नाही’, ‘माहीत नाही’ की ‘विचारायचं राहिलं’? तिन्हींना वेगळे क्रमांक द्या. दार बंद असलेलं घर किमान तीनदा, वेगवेगळ्या वेळी. तरीही न भेटलेल्यांची वही वेगळी ठेवा: गाव, वस्ती, कारण.

टप्पा ८: विश्लेषण

प्रत्येक टक्क्याखाली छेद लिहा. ‘७० टक्के’ नाही, ‘१२० पैकी ८४’. छेद बदलला की अर्थ बदलतो. बाळंतपणानंतरची घरभेट मोजताना ज्या बाळंत होऊन अजून आठवडाही झाला नाही त्यांना छेदात धरलं, तर सेवा उगाच वाईट दिसते.

समजा (हे आकडे फक्त गणितासाठी) रस्त्यावरच्या गावांत १२० पैकी ८४ जणींची वेळेत नोंदणी झाली, पाड्यांवर १२० पैकी ५४ जणींची. म्हणजे ७० आणि ४५ टक्के, फरक २५ अंकांचा, आणि ९५ टक्के विश्वास मर्यादा साधारण १३ ते ३७. हे तिन्ही लिहा. नुसतं ‘पी ०.०५ पेक्षा कमी’ लिहिलं, तर दरी वीतभर आहे की दोन पुरुष खोल, ते वाचणाऱ्याला कळत नाही. तक्त्याच्या एखाद्या चौकटीतली अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेली तर काय-वर्ग (chi-square) चाचणी सोडून फिशरची चाचणी घ्या. खर्च आणि वेळ यांना सरासरी नको, मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) घ्या. खासगीत सिझर झालेली एक बाई सरासरी कुठल्या कुठे नेते.

मग थर पाडा. ‘कमी शिकलेल्यांची नोंदणी उशिरा’ असं निघालं तर लगेच थांबू नका. कमी शिकलेल्या बायका पाड्यांवर जास्त आहेत का ते पाहा. फक्त पाड्यांवरच्या बायका घ्या आणि त्यात शिकलेल्या व न शिकलेल्यांची तुलना करा. फरक मावळला, तर प्रश्न शिक्षणाचा कमी आणि रस्त्याचा जास्त होता. हा एक तक्ता काढला नाही, म्हणून कितीतरी प्रबंधांची शिफारस ‘आरोग्य शिक्षण द्यावे’ अशी येते आणि रस्ता, गाडी, सिस्टरची रिकामी जागा यांचा उल्लेखही होत नाही.

टप्पा ९: लिहिणं आणि परत देणं

मर्यादांच्या भागात ‘वेळेचा अभाव’ लिहून मोकळं होऊ नका. कोण सुटलं ते लिहा: किती घरं बंद, किती स्थलांतरित, किती बाळंतिणी माहेरी गेलेल्या, किती जणींनी नकार दिला. वाचून कळलं पाहिजे की तुमचा आकडा खऱ्या दरीपेक्षा लहान आहे की मोठा. बहुतेक वेळा लहानच असतो, कारण सगळ्यात अडचणीतली बाई सापडलेली नसते.

नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं नाही. ‘२१ वर्षांची, तिसरं बाळंतपण, जुळी, अमुक पाडा’ इतकं लिहिलं की तालुक्यातल्या कोणालाही ती कोण ते कळतं. वय गटात लिहा, पाड्याला क्रमांक द्या.

प्रबंध जमा केल्यावर एका पानाचं मराठी टिपण करा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत स्वतः वाचून दाखवा. एएनएम आणि आशाताईंनी दारोदार फिरून तुम्हाला घरं दाखवली, त्यांना निकाल कळायला हवा. कोणाचं गाव ‘वाईट’ असं म्हणू नका. तीन उशिरांपैकी कोणता कुठे जास्त, तेवढं सांगा. पाड्यावरून गाडीपर्यंतच्या वाटेत दीड तास जातो असं आकड्यानिशी दिसलं, तर माहेरघरात (आरोग्य केंद्राजवळची गरोदर बायकांच्या मुक्कामाची सोय) दिवस भरण्याआधी कोणाला आणायचं याची यादी त्याच बैठकीत करता येते.

त्या पानाच्या तळाशी न सापडलेल्या बायकांचा तक्ता द्या. गाव, संख्या, कारण. नावं नकोत. पुढच्या बॅचच्या मुली त्या भागात जातील तेव्हा त्यांची यादी तिथूनच सुरू करा.